पाण्यातले बळ, काठावरचे आपण

पुणे-सोलापूर महामार्गाने इंदापूरकडे जाताना पळसदेव हे गाव लागते. आज महामार्गालगत दिसणारी वस्ती ही पुनर्वसनानंतरची. मूळचे पळसदेव उजनीच्या पाण्याखाली आहे. १९८० च्या सुमारास धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या काठी शतकानुशतके नांदलेली अनेक गावे, त्यांची शेते, पार आणि देवळे यशवंतसागर जलाशयात विसावली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसनाथाच्या प्राचीन मंदिराचे शिखर पुन्हा दिसू लागते. पाणी आणखी उतरले तर मंडप, खांब, कोरीव शिळा उघड्या पडतात. आजोबा नातवंडांना घेऊन जातात आणि बोट दाखवून सांगतात, "इथे आपला वाडा होता." मग पाऊस येतो, भीमा फुगते आणि देव पुन्हा जलसमाधीत जातो.

सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेच्या या जलाशयाने इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांचे जीवन पालटले. ऊस आला, मासेमारी आली, भिगवणला रोहित पक्षी आले. पण चार दशके पाण्याशेजारी राहूनही पाण्याशी आपले नाते जडले का, हा प्रश्न २१ मे २०२४ च्या सायंकाळी फार कठोरपणे विचारला गेला. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. बोटीतील एक जण मात्र पोहत काठाला आला. वादळापुढे कोणाचे काही चालत नाही, हे खरे. बुडालेल्यांना दोष देण्याचा तर प्रश्नच नाही. तरीही त्या सायंकाळच्या बातमीतील 'पोहत काठाला आला' हे तीन शब्द समाज म्हणून आपल्याला अस्वस्थ करणारे असले पाहिजेत.

या अस्वस्थतेतून आज एका अपरिचित खेळाविषयी लिहावेसे वाटते. तो खेळ म्हणजे पाण्याखालची कुस्ती.

प्रथमदर्शनी हे गमतीचे प्रकरण वाटेल. तालमीतली लाल माती सोडून पैलवान पाण्यात कशाला शिरतील? परंतु हा रीतसर नियमबद्ध खेळ आहे. १९८० च्या दशकात तत्कालीन सोव्हिएत संघात तो जन्मला. १९९३ मध्ये तो प्रथम आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळला गेला आणि २००८ मध्ये जलांतर्गत क्रीडांच्या जागतिक महासंघाने त्याला मान्यता दिली. हा महासंघ १९५९ साली स्थापन झाला आणि विख्यात सागरसंशोधक जॅक कूस्तो हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. खेळाचे अधिकृत नाव 'अ‍ॅक्वाथलॉन'. पोहणे आणि धावणे यांच्या जोडशर्यतीलाही हेच नाव आहे, त्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. पाण्याखालचा हा काही एकमेव खेळ नव्हे. इंग्लंडमध्ये १९५४ साली पाण्याखालची हॉकी सुरू झाली, १९६० च्या दशकात जर्मनीत पाण्याखालचे रग्बी रुजले. युरोपातील तरुणांनी तलावाचा तळ हेच क्रीडांगण मानले आणि तेथे काय खेळता येईल याचा शांतपणे विचार केला, एवढाच याचा अर्थ.

या कुस्तीचे नियम समजून घेण्यासारखे आहेत. तरणतलावात पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा चौकोनी आखाडा आखलेला असतो. दोन्ही मल्लांच्या डोळ्यांवर पाण्यात दिसावे म्हणून मुखवटा, पायांत वल्ह्यासारखे पंख आणि घोट्याला पट्टा. त्या पट्ट्याला एक फीत लावलेली असते. प्रतिस्पर्ध्याच्या घोट्याची फीत सोडवून घ्यायची आणि स्वतःची राखायची. प्रत्येक फेरी तीस सेकंदांची. अशा तीन फेऱ्या होतात आणि बरोबरी झाली तर चौथी. वजनी गट आहेत, पंच आहेत. मातीत अंगाला पडणारी झळ इथे नाही, पण दम, चपळाई, नजर आणि डोके शांत ठेवण्याची शक्ती यांची कसोटी मातीइतकीच कडक आहे.

किंबहुना कुस्तीगिराला हा खेळ फार वेगळा धडा शिकवतो. मातीत डाव बसतो तो पायाखालच्या जमिनीच्या जोरावर. धोबीपछाड मारायची तर आधी पाय रोवावे लागतात, ढाक लावायची तर कंबरेखाली आधार लागतो. पाण्यात जमीनच नाही. प्रतिस्पर्ध्याला ढकलावे तर आपणही तितकेच मागे सरतो. देहाचे वजन पाणी उचलून धरते, म्हणून केवळ भारी अंगाचा उपयोग होत नाही. 'चितपट' हा शब्दच तेथे निरर्थक ठरतो, कारण पाठ टेकवायची कुठे? नियम करणाऱ्यांपुढे हाच तर पेच होता. पाण्यात एकाने दुसऱ्यावर मात केली हे ठरवायचे कसे? सर्वांत सोपी रीत म्हणजे समोरच्याला दाबून धरणे. परंतु त्या रीतीचा शेवट मृत्यूत होतो. त्यांनी घोट्याला फीत बांधली आणि पेच सोडवला. वीत-दीड वितीच्या त्या कापडाने पाण्यातल्या झुंजीचा खेळ केला.

येथे कोणाही सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात महाभारत जागे झाल्याशिवाय राहणार नाही. आदिपर्वात बालभीमाच्या खोड्या वर्णिल्या आहेत. पाण्यात खेळताना तो धृतराष्ट्राच्या दहा-दहा पुत्रांना एकदम बाहूंत कवटाळी, त्यांना घेऊन पाण्याखाली बसून राही आणि ते अर्धमेले झाल्यावर सोडून देई. पाण्याखालच्या झुंजीचे याहून जुने आणि याहून जिवंत चित्र कोणत्या वाङ्मयात असेल? आपल्यातील उत्साही मंडळी लगेच म्हणतील, "पाहा, हा खेळ तर आमचाच. रशियन लोकांनी नवे काय केले?"

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. व्यासांनी ही कथा भीमाच्या कौतुकासाठी सांगितलेली नाही. भीमाच्या मनात द्वेष नव्हता, ते त्याचे पोरपण होते, असे ते स्वच्छ सांगतात. पण ज्यांचा श्वास पाण्याखाली कोंडला गेला त्यांच्या मनात काय साठले? पुढे त्याच दुर्योधनाने भीमाला अन्नातून विष घातले, वेलींनी बांधले आणि गंगेत लोटून दिले. नदीकाठच्या खेळात एकाचे बळ अमर्याद होते आणि त्याला आवर घालणारा नियम नव्हता. तिथूनच वैराची पहिली ठिणगी पडली. तिचा वणवा कुरुक्षेत्रापर्यंत गेला. नियमावाचून बळ हे सज्जनाच्या हाती असले तरी वैर निर्माण करते, ही महाभारताची शिकवण आहे. भीमाकडे बळ होते, पाणी होते, सवंगडी होते. नव्हती ती फीत.

म्हणून 'आमच्याकडे हे आधीच होते' या समाधानात राहणे आपण सोडून दिले पाहिजे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ज्ञानकोशच रचला. त्यात मल्लविनोद आहे आणि जलक्रीडाही आहे. मल्लांचा आहार, मेहनत, डाव यांचा इतका बारकाईने विचार करणारा समाज हा होता. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण मल्लविद्या एका प्रकरणात राहिली, जलक्रीडा दुसऱ्या प्रकरणात राहिली आणि पुढच्या आठशे वर्षांत त्या दोहोंची गाठ घालून देण्याचे कोणाला सुचले नाही. ते सुचले ते मॉस्कोकडच्या मंडळींना. याचा राग मानण्याचे कारण नाही. त्यातून बोध मात्र घेतला पाहिजे. परंपरेचे बीज वारशाने मिळते, पण पीक काढायचे तर नांगर आपल्यालाच धरावा लागतो.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. ज्या ज्या वेळी आपण आपल्या खेळाला नियमांची चौकट दिली, त्या त्या वेळी जग आपल्याकडे आले. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे चैतन्य दिले. कुस्तीचा पूरक व्यायाम म्हणून वाढलेल्या त्या मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर झाली. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत त्या खेळाचा पहिला विश्वचषक भरला. पुरुष आणि महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनपर्यंत गेले आणि भारतीय खेळांची प्रात्यक्षिके त्याने तेथे दाखविली. १९९० मध्ये कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धेत पदकाचा खेळ झाली. शाखेच्या मैदानावर सायंकाळी हे खेळ खेळत वाढलेल्या पिढ्यांना यातील आनंद वेगळा सांगायला नको.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले, तेव्हा आंतरराष्ट्रीय कुस्तीची गादी त्यांना नवीन होती. सहाव्या क्रमांकावर समाधान मानून ते परतले. पण मातीची थोरवी गात ते घरी बसले नाहीत. नवे नियम शिकले, गादीवर घाम गाळला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी मिळवले. मातीचा अभिमान आणि गादीचा अभ्यास या दोन गोष्टी एकाच देहात नांदू शकतात, हे खाशाबांनी दाखवून दिले.

आता प्रश्न असा की पाण्यातल्या कुस्तीसाठी लागणारे साहित्य आपल्याकडे आहे का? विचार केला तर असे दिसते की, पुणे जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी दुसरी नसेल. इंदापूर-बारामती हा यात्रांचा आणि कुस्तीच्या मैदानांचा मुलूख. गावोगावी तालमी आहेत. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला नीरा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीला उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडानगरीत आंतरराष्ट्रीय दर्जाचे तरणतलाव आहेत. पुण्यातील सेनेच्या क्रीडासंस्थेत कुस्तीगीर आणि पाण्यात सूर मारणारे खेळाडू यांना प्रशिक्षण मिळते. मूळचे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी तर एका आयुष्यात दोन्ही टोके जोडली. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी देह जायबंदी झाला, तेव्हा त्यांनी पाण्याचा आश्रय घेतला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. जमिनीवरचा योद्धा पाण्यातही योद्धाच राहतो, याचे याहून तेजस्वी उदाहरण हवे कशाला?

तरीही पळसदेवच्या परिसरातून उद्या असा मल्ल निघेल, असे आज म्हणवत नाही. कारण पहिली पायरीच निसटली आहे. मुलांना पोहता येत नाही. एक काळ असा होता की, उन्हाळ्याची सुट्टी लागली की विहिरी पोरांनी भरून जात. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून वडील, चुलते, मामा मुलाला पाण्यात ढकलत. दोन दिवस रडारड, चौथ्या दिवशी भोपळा सुटे, आठव्या दिवशी मुटका मारण्याची पैज लागे. पाण्यात शिवाशिवी चाले, बुडी मारून तळाचा खडा वर आणण्याची चढाओढ होई. पाण्याखालच्या खेळाचे बाळकडू म्हणजे याहून वेगळे काय असते? ते शिक्षण फुकट होते आणि त्याला प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळली नाही. विहिरी आटल्या, कूपनलिका आल्या, सुट्ट्या शिकवण्यांत गेल्या. शेततळी आली, पण प्लॅस्टिकच्या कागदावर पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण होते. पाणी घराजवळ आले आणि पाण्याची विद्या घरातून गेली.

हा केवळ आपल्या तालुक्याचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांत मुलांचे आणि तरुणांचे प्रमाण मोठे आहे. शाळेच्या वयात पोहायला आणि पाण्यात सुरक्षित वागायला शिकवणे हा त्यावरचा एक मुख्य उपाय ही संघटना सांगते. आपल्या आजोबांनी विहिरीच्या काठावर हेच केले होते.

स्वातंत्र्यवीर सावरकरांची मार्सेलिसची उडी आपण दरवर्षी ८ जुलैला आठवतो. ती उडी अजरामर झाली ती धैर्यामुळे. पण उडीनंतर बंदराच्या धक्क्यापर्यंत त्यांना नेले ते पोहणे जाणणाऱ्या हातापायांनी. पुढे त्याच सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील सात बेड्या मोजून दाखविल्या. त्यांत सिंधुबंदी ही एक होती. समुद्र ओलांडण्याची बंदी आज कोणी मानत नाही. पण पाण्याला भिऊन मुलाला काठावरच धरून ठेवणारे घर हे त्याच बेडीचा एक दुवा अजून पायात वागवीत आहे, असे म्हणावे लागेल.

ज्यांनी ही बेडी कधीच पायात घातली नाही, त्या समाजबांधवांकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? उजनीच्या काठी भोई आणि कोळी समाजाची अनेक कुटुंबे राहतात. पाण्याचा रंग पाहून खोली सांगणारी, वाऱ्याचा वास घेऊन होडी वळविणारी ही माणसे. दुर्घटना घडली की पहिली हाक त्यांनाच जाते आणि शोध संपला की त्यांचा विसर पडतो. वास्तविक ते या विद्येचे आचार्य आहेत. गावच्या शाळेत पोहणे शिकवायला गुरुपदावर त्यांना बसवले, तर मुलांना विद्या मिळेल, त्यांना मान मिळेल आणि समरसता हा शब्द भाषणातून उतरून नदीकाठी येईल.

एक सावधगिरी मात्र आग्रहाने सांगितली पाहिजे. हे वाचून कोणा उत्साही तरुणाने चार मित्रांना घेऊन जलाशयात किंवा विहिरीत पाण्याखालची कुस्ती सुरू करू नये. श्वास रोखण्याचा खेळ फसवा असतो. 'आता श्वास घे' अशी तगमग होते ती रक्तात कर्बवायू साठल्यामुळे. बुडीपूर्वी घाईघाईने खूप श्वासोच्छ्वास केला की कर्बवायू कमी होतो, तगमग उशिरा सुरू होते आणि तोवर प्राणवायू संपून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. कसलेले पोहणारेही असे गेले आहेत. स्वच्छ, आखलेला तलाव, जाणता मार्गदर्शक, वर उभा असलेला दक्ष पंच आणि जीवरक्षक एवढे असल्याखेरीज हा खेळ खेळू नये. त्याच्या फेऱ्या तीस सेकंदांच्या ठेवण्यामागेही हेच शहाणपण आहे. पुन्हा तीच गोष्ट, नियम हेच या खेळाचे प्राणसूत्र.

मग करायचे काय? सरकार तलाव बांधील तेव्हा बांधील. तालुक्याच्या गावी सर्वांना परवडेल असा एक तरणतलाव असावा, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे जरूर करावी. जलाशयात चालणाऱ्या प्रत्येक बोटीत माणशी एक जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, असा निश्चय प्रवाशांनी करावा. पण मुख्य काम समाजाचे आहे. प्रत्येक तालमीने आपल्या मल्लांना पोहणे हा मेहनतीचा भाग म्हणून शिकवावा. उन्हाळी संस्कारवर्गांत स्तोत्रे आणि सूर्यनमस्कार यांच्या जोडीने आठवडाभर पोहण्याचे शिक्षण असावे. मुलींना ते आधी मिळावे, कारण विहिरीच्या काळातही त्या काठावरच उभ्या होत्या. क्रीडा भारतीसारख्या संघटनांनी पुण्यासारख्या शहरातील तलावांत पाण्याखालच्या कुस्तीची प्रात्यक्षिके भरवावीत. रशियात घडलेले नियम जसेच्या तसे घ्यावेत. चांगली विद्या कोठूनही घेण्याची आपली रीत फार जुनी आहे. पुढे आपले मल्ल त्यात आपले डाव आणतील. पट काढणे मातीत येणाऱ्याला घोट्याची फीत फार दूर नाही.

आजचा दहा वर्षांचा मुलगा यंदा भोपळा सोडील, पुढल्या वर्षी बुडी मारील, पंधराव्या वर्षी तलावात उतरून पहिली फीत सोडवील. त्याने पदक आणले तर आनंदच आहे. न आणले तरी एक गोष्ट निश्चित मिळालेली असेल. एखाद्या वादळी सायंकाळी होडी कलंडली, तर तो स्वतः काठाला येईल आणि येताना आणखी एकाला धरून आणील. ज्या खेळातून हे घडते तो खेळ राष्ट्रकार्यच आहे.

पळसनाथाचे शिखर पुन्हा केव्हा तरी पाण्याबाहेर येईल. लोक दर्शनाला जातील. त्या वेळी घाटाच्या जुन्या पायऱ्यांवर उभे राहून प्रत्येक पित्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा, 'माझ्या लेकराला पोहता येते का?' भीमेच्या तीरावर राहणाऱ्याने त्याचे उत्तर 'होय' असे देण्याची तयारी या उन्हाळ्यापासूनच करावी.